कानोसा

१९५६ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात मक्याची काही रानं उभ्या जागी सुकत होती. जमिनीत ओल होती, तरीही पानांच्या सुरळ्या होत होत्या आणि ताटं खुरटून बसली होती. पाणी असून पीक तहानेनं का मरतंय, हे शेतकऱ्यांना उमगत नव्हतं. अशाच एका शेतावर भारतातून तिकडे शिकायला गेलेला एक विद्यार्थी येऊन पोचला. मक्याच्या बुडाशी वीतभर उंचीची, लाल फुलांची नाजूक झुडपं उभी होती. ती त्यानं ओळखली. तोवर अख्ख्या पश्चिम गोलार्धात ही वनस्पती कुणी पाहिल्याची नोंद नव्हती.

पुढच्याच वर्षी अमेरिकी सरकारनं त्या भागाला वेढा घातला. बियाणं, माती, अवजारं, कशालाच तपासल्याशिवाय बाहेर जायची मुभा उरली नाही. शोध घेत गेले तसा दोन्ही कॅरोलायनांत मिळून जवळजवळ ४ लाख ३२ हजार एकरांवर हा उपद्रव निघाला.

ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला चक्क हसू आलं. एवढ्यासाठी त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याला सात समुद्र ओलांडावे लागले! आमच्या सेनगाव तालुक्यात खुरपणीला येणाऱ्या कोणत्याही बाईला तिथं उभं केलं असतं, तर तिनं पदर तोंडाला लावून सांगितलं असतं, "अगं बया, हा तर टारफुला."

टारफुला म्हणजे शास्त्रज्ञांचा स्ट्रायगा. इंग्रजीत त्याला चेटकिणीचं तण म्हणतात. आमच्याकडे त्याची फुलं पांढरी, अमेरिकेत पोचलेल्याची लाल, एवढाच डोळ्यांना दिसणारा फरक. मी लहान होतो तेव्हा हिंगोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो परभणीतून फुटला १ मे १९९९ ला. तेव्हा आमच्या भागातली खरिपाची रानं ज्वारीची असायची. भाकरी ज्वारीची, बैलांना कडबा ज्वारीचा, आणि भांडण झालं तर तेही ज्वारीच्या धुऱ्यावरून. पोळ्याच्या आसपास ज्वारी कमरेला लागली की एखाद्या तासात अचानक पांढरे ठिपके दिसायचे. तिथली ज्वारी खुजी, पोटरी न धरणारी. आजोबा खाली बसायचे आणि खुरप्यानं लांबून माती सैल करून तो टारफुला ढेकळासकट उचलायचे.

"बघ रं," म्हणायचे, "वर हिरवा हाय, पण खाली चोर हाय."

ढेकूळ पाण्यात धरलं की माती विरघळायची आणि आत काय चाललंय ते दिसायचं. टारफुल्याची पांढुरकी मुळी ज्वारीच्या मुळीला जिथं भिडली होती तिथं एक बारीक गाठ. ओढून वेगळं करावं तर मुळी तुटायची, गाठ सुटायची नाही. त्या गाठीतून तो ज्वारीचं पाणी आणि अन्न ओढून घेतो. म्हणूनच ओल्या रानात पीक तहानतं. आणि वाईट म्हणजे तो जमिनीवर डोकं काढतो तेव्हा महिना-दीड महिना आधीच खाली बसून जेवत असतो. खुरपून टाकलं तर पुढच्या सालचं बी वाचतं. यंदाची ज्वारी गेलेलीच.

आजोबांना तपकिरीची सवय होती. वाळलेल्या टारफुल्याचं एक बोंड त्यांनी माझ्या तळहातावर झटकलं तेव्हा मला वाटलं त्यांच्या डबीतलीच चिमूट पडली. ते बी होतं. एकेक दाणा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही नाही. एका झाडाला असं बी पन्नास हजारांच्या वर येतं, लाखांतही जातं, आणि मातीत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं जिवंत राहतं. मी फुंकर मारली, आणि पाठीत एक धपाटा बसला. आता कळतं, तो धपाटा अगदी शास्त्रशुद्ध होता.

पण खरं कोडं त्या तपकिरीतच होतं. एवढ्याशा बियात शिदोरी ती किती असणार? अंकुर फुटला की चार-पाच दिवसांत त्याला मूळ सापडायला हवं, तेही काही मिलिमीटरच्या आत. नाही सापडलं तर संपला. म्हणजे पाऊस पडला म्हणून उगवणं त्याला परवडणारं नाही. शेजारी ज्वारीचं मूळ आलं आहे याची खात्री झाल्यावरच त्यानं डोळे उघडायला हवेत. डोळे, कान, नाक काहीही नसलेल्या, अंधारात पडलेल्या धुळीच्या कणाला ही खबर देतं कोण?

आजोबांना याचं उत्तर ठाऊक नव्हतं, मात्र दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या. टारफुला भुकेल्या रानात जास्त येतो, खताच्या रानात कमी. आणि कापूस घेतला की हटतो.

जगातल्या चांगल्या चांगल्या रसायनशास्त्रज्ञांनी या खबऱ्याचा पाठलाग केला. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये आर. ब्राऊन, ए. डब्ल्यू. जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांतून झिरपणारं द्रव्य पकडायचा प्रयत्न केला. त्यांच्यात अलेक्झांडर टॉड होते, ज्यांना पुढं १९५७ चं नोबेल मिळालं. तरी ते द्रव्य निसटलं. अडचण अशी की मुळं ते इतकं किंचित सोडतात की गोळा करायला गेलं तर हाताला लागत नाही, आणि लागलं तर टिकत नाही.

मग अमेरिकेतली ती साथ आली आणि पैसा आला. नॉर्थ कॅरोलायनातच रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. तिथं सी. ई. कुक आणि सहकाऱ्यांनी चोराचा माग काढण्यासाठी एक चमत्कारिक साक्षीदार निवडला. त्यांनी मका घेतला नाही, ज्वारीही घेतली नाही. त्यांनी घेतला कापूस.

टारफुला कापसावर जगूच शकत नाही. तरी कापसाच्या मुळांचं पाणी टाकलं की त्याचं बी फसून उगवतं आणि काही न मिळता मरतं. आमच्या रानात कापसानं टारफुला हटायचा तो यामुळे. कुकच्या मंडळींनी कापसाची रोपं वाढवली, त्यांच्या मुळांवरून उतरलेलं पाणी जमा केलं, गाळत, वेगळं करत, प्रत्येक टप्प्यावर थेंब-थेंब टारफुल्याच्या बियांवर टाकून बघितलं. ज्या थेंबानं बी उगवतं तो पुढं घ्यायचा, बाकीचं ओतून द्यायचं. म्हणजे ज्याला पकडायचं त्या चोरालाच त्यांनी वाटाड्या केलं होतं. १९६६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी जाहीर केलं की स्फटिकरूपात ते द्रव्य हाती आलं आहे. हजारो कोटी भाग पाण्यात एखादाच भाग असला तरी त्याच्यानं बी जागं होत होतं. नाव ठेवलं स्ट्रिगॉल. त्याची पूर्ण रचना उलगडायला १९७२ उजाडलं.

इथं थोडं आडवळण घेतो, कारण ते आपल्या घराकडचं आहे. त्या १९६६ च्या शोधनिबंधावर मनरो वॉल यांचंही नाव आहे. त्याच वर्षी, त्याच संस्थेतून, वॉल आणि मनसुख वाणी यांच्या गटानं कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरचं द्रव्य जाहीर केलं, आणि पुढं १९७१ मध्ये टॅक्सॉल. हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, त्याच्यातही कॅम्प्टोथेसिन सापडतं आणि त्यापायी त्याची बेसुमार तोड झाली. झाडांच्या मुळा-सालींतून निघालेली द्रव्यं गाळत बसणारी ती एक प्रयोगशाळा. तिच्यातून एकाच साली कर्करोगाचा वैरी निघाला आणि टारफुल्याचा खबऱ्याही.

खबऱ्या सापडल्यावर त्याचा वापर कसा करायचा, हे अमेरिकेनं लगेच ओळखलं. पीक नसताना बी जागं करायचं, म्हणजे ते उपाशी मरेल. स्ट्रिगॉल कारखान्यात बनवणं महाग होतं. पण १९७० मध्ये लक्षात आलं की साधा इथिलीन वायूही हे काम करतो. आपल्याकडं अर्धापूर-वसमतची केळी ज्या वायूनं पिकवतात तोच. ट्रॅक्टरच्या फाळांमागून तो जमिनीत सोडला गेला. वर्षानुवर्षं हे चाललं, त्याला पहारा आणि तणनाशकांची जोड मिळाली, आणि त्या लाखो एकरांतला बहुतेक भाग मोकळा झाला. आफ्रिकेत कोट्यवधी लोकांची ज्वारी आणि मका टारफुल्याच्याच जातभाईंच्या तोंडी जातो, आणि तिथं असं वायूचं ट्रॅक्टर कोण फिरवणार?

एक प्रश्न मात्र तसाच उरला, आणि तोच मला सगळ्यात जास्त छळायचा. ज्वारी हे द्रव्य सोडतेच का? स्वतःच्या मारेकऱ्याला दार कुठं आहे ते सांगणारं द्रव्य लाखो वर्षं बनवत राहायचं, एवढी पिकं खुळी कशी असतील? निसर्ग असं खूळ फार काळ पोसत नाही.

उत्तर यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, आणि ते तणांचा अभ्यास करणाऱ्यांकडून आलंच नाही. ओसाका प्रीफेक्चर विद्यापीठातले कोहकी अकियामा बुरशीवर काम करत होते. आपल्याकडं कृषी सेवा केंद्रात 'मायकोरायझा' म्हणून पुड्यांतून मिळते ती बुरशी. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत ती राहते, तिचे धागे दूरवर पसरतात आणि मुळांना न पोचणारा स्फुरद आणून देतात. बदल्यात झाड तिला साखर देतं. मुळं जवळ आली की या बुरशीला एकदम फांद्या फुटतात. तो इशारा कसला, हे अकियामा शोधत होते. २००५ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की हा इशारा म्हणजे ५-डीऑक्सिस्ट्रिगॉल. स्ट्रिगॉलचंच सख्खं भावंड.

वाचताना अंगावर काटा आला होता. ज्वारी टारफुल्याला बोलावतच नव्हती! ती आपल्या बुरशीला हाक मारत होती. झाडं पाण्यातून जमिनीवर आली तेव्हापासून, म्हणजे चाळीस कोटींहून अधिक वर्षं, ही बुरशी त्यांच्या सोबतीला आहे. टारफुला त्या मानानं कालचं पोर. त्यानं फक्त भिंतीला कान लावला होता.

आता आजोबांचं भुकेलं रान आठवा. जमिनीत स्फुरद कमी पडला की झाडाला बुरशीची गरज वाढते, म्हणून ते ही हाक जोरात मारतं. जपानी शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की ज्वारी तर नत्र कमी पडलं तरीही आवाज चढवते. रान जितकं भुकेलं तितकी हाक मोठी, आणि हाक मोठी तितका कानोसा घेणारा खूश. वर्षभर गुरांचं शेणखत ज्या रानात पडायचं तिथं टारफुला का कमी, हे आजोबांनी डोळ्यांनी टिपलं होतं. कारण कळायला ओसाका लागलं.

२००८ मध्ये आणखी एक पदर निघाला. हीच द्रव्यं झाडाच्या आतही काम करतात, किती फुटवे फुटू द्यायचे ते ठरवतात. म्हणजे ज्वारीला ही हाक बंद करून चालण्यासारखं नाही. गप्प बसली तर तिचीच उपासमार. इथिओपियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात काम करणाऱ्या गेबिसा एजेटा यांनी त्याआधीच वेगळी वाट धरली होती. गार लापशीसारख्या आगारच्या थरात टारफुल्याचं बी पेरायचं, मधोमध ज्वारीचा एक दाणा रुजवायचा, आणि त्याच्या मुळीपासून किती लांबवर टारफुला उगवतो ते मोजायचं. काही वाणांच्या मुळीला खेटूनसुद्धा जवळजवळ काही उगवत नव्हतं. असे वाण शोधून, संकर करून त्यांनी आफ्रिकेला टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी दिली. त्यासाठी २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. २०१७ मध्ये त्यांच्या गटानं त्यामागचं जनुकही पकडलं. ते बिघडलेल्या ज्वारीच्या मुळांतून ५-डीऑक्सिस्ट्रिगॉलऐवजी ऑरोबँकॉल पाझरतं. हाक तीच, पण अशा बोलीत की बुरशीला कळते आणि टारफुल्याला नीट उमगत नाही. एका भारतीय ज्वारीनंही, एन-१३ तिचं नाव, आफ्रिकेतल्या वाणांना हात दिला आहे. तिची तऱ्हा निराळी. तिच्या मुळाची भिंतच अशी की टारफुल्याला आत घुसताना दात आंबवून घ्यावे लागतात.

हे सगळं वाचून, समजून मी मोठ्या उत्साहानं गावी गेलो, तर सांगायला कुणी ऐकणारं नव्हतं. टारफुलाच उरला नव्हता. ज्वारीच उरली नव्हती ना! कयाधूपासून पैनगंगेपर्यंत नजर जाईल तिकडं सोयाबीन, मध्ये तुरीचे तास, पाणी असेल तिथं हळद. पोरांना टारफुला शब्द माहीत नाही. सोयाबीन आणि कापसानं तो मारला, एखाद्या गावातला जुना गुंड नव्या रस्त्यानं संपावा तसा. मी थोडा हिरमुसलोच.

आणि मग एका ऑगस्टमध्ये चुलतभावाचा फोन आला. आधी फोटो, मग फोन. "दादा, सोयाबीनवर कुणी तरी पिवळा दोरा टाकल्यावाणी झालंय. जरा येऊन बघ ना."

जाऊन बघितलं. अंथरलेल्या पोत्याएवढ्या जागेत सोयाबीनवर केशरी-पिवळ्या धाग्यांचा गुंता पडला होता, शेवयांचं सूप उलथल्यासारखा. मूळ नाही, पान नाही. धागा खोडाला दोन-तीन वेढे देतो आणि वेढ्याच्या आतल्या बाजूनं बारीक फोडांची रांग खोडात रुतवतो. एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. भाऊ म्हणाला, "अमरवेल हाय. धुऱ्यावरच्या बोरीवरून उतरली खाली."

मलाही क्षणभर तेच वाटलं. बोरीवरची अमरवेल आम्ही लहानपणापासून बघत आलो. तिचे वेल सुतळीएवढे जाड, हिरवट-पिवळे, आणि फुलं घंटेसारखी, मंद वासाची, पाकळ्या मागं वळलेल्या. ती इथलीच, बोरीबाभळींना पिळते, निरगुडीवर चढते. खिशातलं भिंग काढून मी या नव्या धाग्याकडं बघितलं. शिवणाच्या दोऱ्याएवढा. फुलं पांढरी, दोन-तीन मिलिमीटरची, लसणाच्या बोंडुकल्यासारखी घट्ट गुच्छात बसलेली, आणि प्रत्येक फुलात दोन कुक्षिवृंत, त्यांच्या टोकांशी कुक्ष्या टाचणीच्या डोक्यासारख्या गोल. बोरीवरचीला कुक्षिवृंत एकच असतो. ही बोरीवरची नव्हती. ही कस्क्युटा कॅम्पेस्ट्रिस, मूळची उत्तर अमेरिकेची, जगभर लसूणघास आणि कडधान्यांच्या बियाण्यांत मिसळून फिरलेली. त्यांच्याकडं टारफुल्याचा लाल भाऊ पोचला, त्यांच्याकडून ही आली. कोण कुणाला काय देतं, याचा हिशोब निसर्ग ठेवत नाही.

"तू हिचं काय केलंस?" मी विचारलं.

त्यानं जे केलं तेच आपण कुणीही केलं असतं. पंधरा दिवसांपूर्वी पहिली गुंतवळ दिसली तेव्हा ओढून काढली आणि धुऱ्यावर फेकली. पण या वेलीचा बोटभर तुकडाही नव्या झाडाला भिडून जगतो. धुऱ्यावरच्या रानगवतांत, तरोट्यात ती गुंतली आणि परत उतरली. एका पोत्याच्या जागेची तीन पोती झाली होती. शिवाय जनावरांनी चरलेलं बी शेणातून शाबूत बाहेर पडतं, पुराच्या पाण्यावर तरंगत जातं, हार्वेस्टरच्या पोटात बसून एका गावातून दुसऱ्या गावात जातं. मातीत ते टारफुल्यासारखंच वर्षानुवर्षं वाट बघतं.

हिचीही अडचण टारफुल्यासारखीच. अंकुर फुटतो तो मूळ नसल्यातच जमा असलेला एक धागा. आठ-दहा दिवसांची शिदोरी. तेवढ्यात झाड सापडायला हवं. हिला जमिनीखालची हाक ऐकू येत नाही, कारण ही वर आहे. मग ही कशाचा कानोसा घेते?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठात जस्टिन रन्यॉन, मार्क मेशर आणि कॉन्सुएलो डी मोराएस यांनी २००६ मध्ये याचा छडा लावला. याच गोतातल्या अमरवेलीचं रोपटं मधोमध ठेवलं, शेजारी टोमॅटो. दहातली आठ रोपटी टोमॅटोकडं वळली. उजेड, सावली, ओल यांचा संशय राहू नये म्हणून झाडच काढून टाकलं आणि टोमॅटोचा नुसता वास नळीतून सोडला. तरी ती त्याच बाजूला झुकली. गव्हाचा वास दिला तर गव्हाकडंही थोडी गेली, पण दोन्ही ठेवले की टोमॅटोकडं. गव्हाच्या वासात एक घटक तिला नकोसा असतो असंही निघालं. झाडं वास सोडतात ते कीटकांसाठी, एकमेकांसाठी. अमरवेल मधल्यामध्ये नाक लावून बसते.

याच्याही पुढची गोष्ट २०२० ची, आणि आमच्या सोयाबीनला अगदी जवळून लागू पडणारी. चीनमधल्या कुनमिंगच्या शास्त्रज्ञांनी अमरवेलीच्या दुसऱ्या एका जातीवर काम करताना पाहिलं की फुलायचं कधी हे ती स्वतः ठरवत नाही. झाडाच्या पानांतून 'आता फुला' असा प्रथिनाचा निरोप खोडातून शेंड्याकडं जातो, तो ती वाटेत अडवते आणि त्याच दिवसांत फुलते. सोयाबीन फुलली की तीही फुलते. सोयाबीन वाळते तेव्हा तिचं बी पिकलेलं असतं, आणि दोघी एकत्र हार्वेस्टरच्या तोंडात जातात. भिंगाखाली मी पाहिलेली ती पांढरी फुलं आणि सोयाबीनची जांभळी फुलं एकाच आठवड्यात उमलली होती. तो योगायोग नव्हता.

भावाला मी एवढंच सांगितलं की बी झडायच्या आधी, सोयाबीनच्या झाडांसकट, वावभर जास्तीची कड धरून तो पट्टा उपट, तिथंच वाळव आणि तिथंच जाळ. घरचं बियाणं ठेवायचं तर बारीक चाळणीनं चाळ. सोयाबीनचा दाणा मोठा, हिचा मोहरीहून बारीक, चाळणीतून पडतो. आणि पुढची दोन वर्षं या तुकड्यात ज्वारी घे. गवतवर्गी पिकावर ही बहुधा बसत नाही.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "ज्वारी? मंग टारफुला?"

प्रश्न बरोबर होता. ज्वारीचा परजीवी कापसा-सोयाबीननं मरतो, सोयाबीनचा परजीवी ज्वारीनं उपाशी पडतो. आजोबांच्या काळात फेरपालट होती म्हणून दोघांनाही डोकं वर काढायला फार वाव नव्हता. सगळीकडं एकच पीक लावलं की कुणाला तरी मेजवानी मिळतेच, एवढंच मी पुटपुटलो. तो म्हणाला, ज्वारीला भाव कोण देणार, आणि पाखरं कोण राखणार? मला उत्तर सुचलं नाही. त्यानं पट्टा जाळला मात्र, चांगला रुंद. परजीवी म्हटलं की वाईट असंही नाही हो, हे सांगायचं मी टाळलं. मराठवाड्यात तुरीच्या आधारानं लावलेलं चंदनसुद्धा मुळांनी शेजाऱ्याच्या ताटातलं खातंच, आणि त्याला आपण देवाच्या कपाळी लावतो.

जाळण्याआधी वाळलेली चार बोंडं मी कागदात बांधून आणली होती. घरी बी पॉलिश पेपरवर घासलं, ओल्या कापसात ठेवलं. पाच रुजली. प्रत्येक कपात एक, एका बाजूला कुंडीतलं टोमॅटो, दुसऱ्या बाजूला गव्हाचे कोंब. खोली बंद, खिडकीला जाळी. रात्री अकराला बघितलं तर धाग्यांची टोकं दाराकडं होती. पहाटे चारला उठून बघितलं तर कपाटाकडं. गोल-गोल, घड्याळाच्या उलट, आंधळ्यानं हात फिरवावा तशी. तिसऱ्या दिवशी तीन टोमॅटोकडं झुकलेली होती. एक गव्हाला एक वेढा देऊन सुटलं आणि आडवं पडलं. पाचवं कपाच्या काठावरून खाली लोंबकळून सुकलं. याला प्रयोग म्हणू नये, खिडकीचा उजेडही टोमॅटोच्याच बाजूला होता.

तिघांपैकी एकानं टोमॅटोच्या देठाला तीन वेढे घातले. दोन दिवसांनी त्याचा मातीतला बुंधा तपकिरी पडून तुटला, आणि वरचा धागा, कशालाही न टेकता, पिवळाजर्द आणि ताठ. बायको म्हणाली, बास झालं, आता हे घरात नको. मी कुंडी अंगणात नेली, टोमॅटो मुळासकट उपटून धाग्यासकट चुरगळला आणि चुलीत घातला. ओलं होतं, पेटायला वेळ लागला. टोमॅटोच्या पाल्याचा तो उग्र, हिरवा वास बोटांना चिकटला. साबणानं धुऊनही रात्री भाकरी मोडताना तो येतच होता.